शिक्षण वाढले की उपासनेची हजेरी घटते का?

शिकलेला माणूस देवळात कमी जातो, असे तुम्ही सहज म्हणाल. कोलकात्यात काय घडले ते पाहा. तेथे १८१७ मध्ये हिंदू कॉलेज सुरू झाले. तिथल्या डेरोझिओ या तरुण शिक्षकाचे विद्यार्थी मूर्तिपूजेवर उघड टीका करू लागले. पालक बिथरले आणि १८३१ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पण त्यांच्याच वर्तुळातले कृष्णमोहन बॅनर्जी १८३२ मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे धर्मोपदेशकही! राममोहन रॉय यांच्या ब्राह्मो समाजात १८२८ पासून दर आठवड्याला उपासना भरे. त्याच धर्तीवर मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. रानडे, भांडारकरांसारखे पदवीधर त्याच्या साप्ताहिक उपासनेत असत. घरच्या देवपूजेला अशी आठवड्याची हजेरी कधी लागतच नव्हती. ती या शिकलेल्यांनी आणली.