मनगटाच्या दुखण्याचा इतिहास

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रोग्याला 'तुझा धंदा काय?' हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या दुखण्याचीही कारणे दिली : सततची बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. त्यांच्या माहितीतल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहू लागला, तर तोही गेला.

आपल्याकडे कारकुनांनी बोरू फारसा न उचलता मोडीत दप्तरेच्या दप्तरे लिहिली. त्यांत गावाचा सारा हिशेब सापडतो. लिहिणाऱ्या हाताचे दुखणे मात्र मला कुठे नोंदलेले आढळले नाही. तारमास्तरांचे नशीब थोडे बरे. त्यांच्या आखडणाऱ्या हाताला ब्रिटनमध्ये १९०८ साली भरपाईस पात्र रोग मानले गेले.

आमच्या मानोरा तालुक्यात हे दुखणे कापूस वेचणाऱ्या बायकांच्या हातात दिसते. बोंडातून कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, की पुन्हा तेच. घरी धुणे पिळणे आहेच. अंगठ्याच्या स्नायुबंधांचे मनगटातले आवरण जाड होते आणि अंगठा हलवताच कळ येते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले. मनगटातली शीर दाबली गेली, तर रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात.

सुरुवातीला उपाय साधे असतात. थोड्या थोड्या वेळाने हात मोकळा करावा, मनगट फार वाकवू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने आधारपट्टी बांधावी. मुंग्या थांबेनात किंवा हातातल्या वस्तू निसटू लागल्या, तर वेळ घालवू नये. शीर फार काळ दाबलेली राहिली, तर अंगठ्याच्या मुळाचा स्नायू सुकतो.

पण मजुरी किलोवर मिळते. हात थांबला की पैसा थांबतो. म्हणून 'आराम करा' एवढे सांगून भागत नाही. वेचणीत विसाव्याची वेळ धरूनच मजुरी ठरली पाहिजे. आणि दवाखान्यातल्या केसपेपरवर बाईच्या नावापुढे 'घरकाम' लिहून मोकळे होण्याआधी रामाझ्झिनींचा तो प्रश्न तिला विचारला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)