माउंट लॉरेलची वेस

पूर्वी गावाला वेस असे. दिवस मावळला की तिचे दरवाजे लागत, आणि आत कोणी राहावयाचे व बाहेर कोणी, हे त्या दरवाजांवरून ठरे. चोराचिलटांपासून रक्षण हा वेशीचा उघड हेतू होता. परंतु ज्यांची वस्ती कायमचीच वेशीबाहेर, त्यांना तिचा दुसरा अर्थही पुरता ठाऊक होता. दगडी वेशी आता बहुतेक पडल्या. तथापि कागदावरही वेस बांधता येते आणि ती दगडाच्या वेशीहून अधिक भक्कम ठरू शकते, हे अमेरिकेतील एका लहानशा उपनगराच्या इतिहासावरून दिसून येते. त्या गावाचे नाव माउंट लॉरेल.

ज्या न्यू जर्सी राज्यात आज मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत, त्याच राज्याच्या दक्षिण भागात हे गाव आहे. पश्चिमेस कॅम्डेन हे औद्योगिक शहर, त्यापुढे डेलावेअर नदी आणि नदीपलीकडे फिलाडेल्फिया. गावाचा विस्तार सुमारे 22 चौरस मैल. 1950 साली येथे अवघी 2,817 माणसे राहत होती, आणि शेती हाच गावाचा मुख्य धंदा होता. 1951 च्या सुमारास राज्याचा नवा हमरस्ता या भागातून गेला आणि गावाचे रूप पालटू लागले. शहरात नोकरी आणि गावात बंगला, अशी राहणी मोटारीमुळे शक्य झाली. 1960 साली लोकसंख्या 5,249 झाली आणि 1970 साली 11,221. इतके होऊनही गावाची सुमारे दोन तृतीयांश जमीन अद्याप मोकळी अथवा शेतीखाली होती. म्हणजे जागेची टंचाई हे पुढील भांडणाचे कारण नव्हे, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

या गावात नव्या बंगलेवाल्यांच्या कितीतरी आधीपासून काही कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. या मुलखात क्वेकर पंथाच्या लोकांची वस्ती जुनी. गुलामगिरीला त्यांचा विरोध असल्यामुळे दक्षिणेकडून पळून आलेल्या गुलामांना येथे आश्रय मिळे. त्यांचे वंशज पिढ्यानुपिढ्या शेतांवर राबले आणि स्प्रिंगव्हिल नावाच्या भागात राहिले. घरे कसली, झोपड्याच त्या. कित्येकांनी तर कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून त्यात संसार थाटलेले. गावात सुबत्ता येऊ लागली तेव्हा नगरसमितीचे लक्ष या घरांकडे गेले, ते राहण्यास अयोग्य म्हणून ती रिकामी करविण्यासाठी. घर गेल्यावर माणसाने जावे कोठे, याची तजवीज मात्र कोणी केली नाही. अशा माणसाला बहुधा एकच वाट उरे, ती म्हणजे कॅम्डेनच्या मोडकळीस आलेल्या मोहल्ल्यांची.

गावातच दुसरे स्वस्त घर का बांधू नये? येथेच ती कागदी वेस आडवी येते. अमेरिकेत कोणत्या जमिनीवर काय बांधावे हे ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे असतो. लुइव्हिल शहराने वर्णावरून मोहल्ले वाटून देण्याचा कायदा केला होता. तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 साली रद्द ठरविला. परंतु 1926 साली, ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात, जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्याची पद्धत त्याच न्यायालयाने मान्य केली. वर्णाचे नाव घेऊन माणसाला अडविता येईना. पण घराचा आकार, अंगणाची रुंदी आणि जमिनीचे क्षेत्र यांची नावे घेऊन त्याच्या ऐपतीला अडविता येऊ लागले. माउंट लॉरेलच्या नियमांप्रमाणे एका भूखंडावर एकाच कुटुंबाचे स्वतंत्र घर बांधता येई. चाळवजा इमारतींना, भाड्याच्या लहान सदनिकांना सामान्यतः परवानगी नव्हती. गावातील चार हजारांहून अधिक एकर जमीन कारखान्यांसाठी राखून ठेवलेली होती. त्यांपैकी प्रत्यक्ष कारखान्यांनी व्यापलेली जमीन जेमतेम 100 एकर होती. उरलेली ओसाड राहिली तरी चालेल, पण गरिबाचे घर तेथे होता कामा नये, असा त्या नकाशाचा अर्थ होता.

या आडमुठेपणामागे एक हिशेब होता. अमेरिकेत शाळांचा खर्च फार मोठ्या प्रमाणावर स्थानिक घरपट्टीतून चालतो. मोठ्या घरावर पट्टी अधिक. लहान घरावर पट्टी कमी, पण त्यात मुले असली तर शाळेचा खर्च तोच. म्हणून गावाच्या जमाखर्चात मूल हे खर्चाच्या बाजूला मांडले जाई. माउंट लॉरेलने काही बांधकाम-व्यावसायिकांना मोठ्या योजनांसाठी परवानगी दिली, तेव्हा एका शयनगृहाच्या सदनिकेत शाळकरी मूल राहता कामा नये आणि दोन शयनगृहांच्या सदनिकेत दोनांहून अधिक मुले असू नयेत, अशा अटी घातल्या. ज्या देशात मुलांच्या शिक्षणाविषयी इतके बोलले जाते, त्याच देशातील एका गावाला मुलांची अशी धास्ती वाटावी, हे चमत्कारिक खरे. परंतु हिशेबापुरते पाहिले तर ते चूक नव्हते.

हिशेबापाठोपाठ भीतीही होती, आणि ती होती गुन्हेगारीची. कॅम्डेनमधील मोठी जहाजगोदी 1967 साली बंद पडली. कारखाने हलले, रोजगार आटला आणि 1969 व 1971 साली शहरात दंगली उसळल्या. सेंट लुइस शहरात गरिबांसाठी बांधलेल्या प्रुइट-आयगो वसाहतीच्या अकरा मजली 33 इमारती वीस वर्षांच्या आतच इतक्या बिघडल्या की 1972 पासून सरकारनेच त्या पाडण्यास आरंभ केला. सरकारी मदतीची घरे म्हणजे दारू, मारामाऱ्या आणि चोऱ्या, असे समीकरण लोकांच्या मनात बसले ते या दृश्यांवरून. ज्याने वीसतीस वर्षे हप्ते भरून घर घेतले, ज्याची सारी पुंजी त्या चार भिंतींत अडकली, त्याला शेजार बिघडण्याची चिंता वाटावी यात केवळ दुष्टपणाच होता असे म्हणता येणार नाही. भीती खोटी नव्हती. ती रास्त होती की नाही, एवढाच प्रश्न होता.

स्प्रिंगव्हिलच्या लोकांनी एक समिती स्थापून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी 36 लहान सदनिका बांधण्याची योजना आखली. राज्याकडून प्राथमिक खर्चासाठी थोडी मदतही मिळविली. मागणी काही मोठी नव्हती. जेथे आपले वाडवडील राबले तेथेच राहता यावे, एवढीच. 1970 च्या ऑक्टोबरात, एका रविवारी, तेथील कृष्णवर्णीयांच्या लहानशा प्रार्थनामंदिरात नगराध्यक्ष बिल हेन्स उत्तर देण्यासाठी आले. ज्यांना या गावात राहणे परवडत नसेल त्यांना गाव सोडावे लागेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्या सभेत एथेल लॉरेन्स नावाची एक बाई बसली होती. बालवाडीत मुलांना सांभाळणारी, घरात मोठा संसार असलेली ही बाई कोणी पुढारी नव्हती. परंतु तिचे घराणे कित्येक पिढ्या याच परिसरातले, आणि हा निरोप पिढ्यानुपिढ्या तेथे राहत आलेल्यांनाच दिला जात होता. ते शब्द तिच्या जिव्हारी लागले.

1971 साली एथेल लॉरेन्स व इतर काहीजण, कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेसह, न्यायालयात गेले. गरिबांना विनामूल्य कायदेशीर साहाय्य देणारे कॅम्डेनचे तरुण वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले; त्यांत पीटर ओकॉनर हे एक होते. 1972 साली खालच्या न्यायालयाने गावाविरुद्ध निकाल दिला. 24 मार्च 1975 रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या या निकालपत्राचा युक्तिवाद साधा पण दूरवर पोहोचणारा होता. जमिनीचे विभाग पाडण्याचा अधिकार गावाचा स्वतःचा नव्हे. तो राज्याने सार्वजनिक हितासाठी सोपविलेला आहे. आणि सार्वजनिक हित गावाच्या शिवेपाशी संपत नाही. म्हणून वाढत्या गावाने आपल्या सोयीपुरते न पाहता, सभोवतालच्या प्रदेशातील अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या घरांच्या गरजेतील आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. निकालाने वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध करण्याच्या खटाटोपात न पडता ऐपतीवरून होणाऱ्या बहिष्कारालाच हात घातला. त्यात म्हातारी माणसे आली, नवी जोडपी आली आणि मोठी कुटुंबेही आली.

निकाल लागला, पण घर काही उभे राहिले नाही. गावाने नकाशात तीन लहान तुकडे दाखविले. सारे मिळून सुमारे 20 एकर. आणि त्यांवर स्वस्त घरे उभी राहण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. न्यायालयाची आज्ञा कागदावर पाळली गेली आणि वेस होती तेथेच राहिली. प्रकरण पुन्हा वर गेले. 20 जानेवारी 1983 रोजी सरन्यायाधीश रॉबर्ट विलेंट्झ यांच्या न्यायालयाने दुसरा, अधिक कडक निकाल दिला. एखाद्या बांधकाम-व्यावसायिकाने आपल्या योजनेत पुरेशी स्वस्त घरे बांधण्याचे कबूल केले आणि गाव आडवे आले, तर न्यायालय त्याला बांधण्याची परवानगी देववील, असे त्यात ठरले. राज्यभर ओरड झाली. 1985 साली विधिमंडळाने कायदा करून हे काम एका मंडळाकडे दिले. त्या कायद्यात एक पळवाटही होती. गावाला आपल्या वाट्यातील निम्म्यापर्यंत घरे पैसे देऊन दुसऱ्या नगरपालिकेकडे सरकविता येत. बहुधा श्रीमंत गाव देई आणि गरीब शहर घेई. ही पळवाट 2008 साली बंद झाली.

एथेल लॉरेन्सला धमक्या आल्या. तिने माघार घेतली नाही. पण ज्या घरांसाठी ती झगडली ती तिच्या दृष्टीस पडली नाहीत. 1994 साली ती वारली.

1997 साली ओकॉनर यांच्या संस्थेची 140 भाड्याच्या घरांची योजना गावापुढे आली, तेव्हा सभागृह नागरिकांनी ओसंडून गेले. पंचवीस वर्षांपूर्वीचीच वाक्ये पुन्हा ऐकू आली. चोऱ्या वाढतील, घरांच्या किमती पडतील, घरपट्टी चढेल, शाळा बिघडतील. अखेर मंजुरी मिळाली. 2000 च्या अखेरीस पहिली 100 घरे वापरात आली आणि 2004 मध्ये आणखी 40. वसाहतीला नाव दिले एथेल लॉरेन्सचे. प्रदेशातील मध्यम उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत कमाई असणाऱ्या कुटुंबांना तेथे जागा मिळते. घरे दुमजली, आटोपशीर आणि आसपासच्या घरांसारखीच दिसणारी. भाडेकरूंची नीट चौकशी करून निवड होते, देखभाल चोख असते, आणि मुलांना शाळेनंतर अभ्यासास बसण्यासाठी जागाही आहे.

मग गुन्हेगारीचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर मत देऊन नव्हे, तर मोजून देणे आता शक्य होते. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील गुन्ह्यांचे प्रमाण, घरांच्या किमती आणि घरपट्टी यांची वसाहतीपूर्वीच्या व नंतरच्या वर्षांची तुलना केली, आणि शेजारच्या सारख्या गावांशीही ती ताडून पाहिली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा, की या वसाहतीमुळे गुन्हे वाढले नाहीत, किमती घसरल्या नाहीत आणि पट्टीही चढली नाही. शेजारी राहणाऱ्यांना विचारता, आपल्या जवळ अशी वसाहत आहे हे कित्येकांना ठाऊकच नव्हते. ज्या गोष्टीने गावाची झोप उडविली होती, ती शेजारी येऊन राहिली आणि पुष्कळांना जाग देखील आली नाही.

उलट बाजूही त्यांनी पाहिली. ज्यांना घर मिळाले ती कुटुंबे आणि ज्यांचे अर्ज अद्याप पडून होते ती कुटुंबे, यांची तुलना केली असता, वसाहतीतील मोठी माणसे अधिक प्रमाणात कामधंद्याला लागलेली, मुले अधिक वेळ अभ्यास करणारी आणि सारीच हिंसेच्या व दंग्याधोप्याच्या सावटापासून दूर आलेली आढळली. ज्यांना गुन्हेगारीचे वाहक समजून वेशीवर अडविले होते, ती माणसे खरोखर गुन्हेगारीपासून पळ काढणारी होती.

तथापि या कथेचा अर्थ लावताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कशीही, कोठेही, कोणीही घरे बांधली तरी ती चांगलीच निघतात, असा याचा अर्थ नव्हे. प्रुइट-आयगोही गरिबांसाठीच बांधलेली होती. शेकडो दरिद्री कुटुंबे एकाच ठिकाणी कोंबून त्यांच्या देखभालीकडे पाठ फिरविणे निराळे, आणि बऱ्या वस्तीत, बेताच्या संख्येने, जबाबदार व्यवस्थापनाखाली त्यांना जागा देणे निराळे. विरोधकांनी पहिल्याचे चित्र पाहून दुसऱ्याला नकार दिला, हीच त्यांची चूक. न्यायालयाच्या मर्यादाही येथे दिसतात. 1970 साली 36 घरांची मागणी झाली. पहिले घर वापरात येण्यास तीस वर्षे लागली. त्या अवधीत मागणाऱ्यांची मुले मोठी होऊन परागंदा झाली. निकालाने हक्क मिळतो. तो उपभोगावयाचा तर शेजाऱ्याचे मनही थोडे सरकावे लागते. राज्यातही हा वाद आजवर मिटलेला नाही. मंडळाचे काम थंडावल्यामुळे 2015 साली न्यायालयांनी हा विषय परत आपल्या हाती घेतला, आणि 2024 साली नव्या कायद्याने ते मंडळच रद्द झाले.

माउंट लॉरेलच्या नगराध्यक्षांनी 1970 साली जे उत्तर दिले, ते प्रत्येक वाढत्या शहराच्या ओठांवर केव्हा ना केव्हा येत असते. मोलकरीण हवी, रखवालदार हवा, शेतावर व कारखान्यात राबणारे हात हवेत. परंतु दिवस मावळला की त्या हातांनी वेशीबाहेर जावे, अशी सोयीची इच्छा असते. भीती वाटली तर तिचा विचार अवश्य करावा. मात्र ती मोजून पाहण्याची तयारी हवी. माउंट लॉरेलला ते मोजमाप उशिरा मिळाले. ज्या वेशीमागे गाव तीस वर्षे जागले, तिच्याबाहेर चोर नव्हता. गावातलेच माणूस आपल्या घराची वाट पाहत उभे होते.