बार्शी लाइट रेल्वेचीं इंजिनें : एक टिपण

मराठवाड्यांतील लोहमार्गांचा विषय निघाला म्हणजे निजाम सरकारच्या रेल्वेचा उल्लेख सर्वत्र होतो; परंतु लातुरास पहिली आगगाडी आली ती निजामाच्या रेल्वेची नव्हे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. लातूर हें त्या काळीं निजामाच्या मुलखांत होतें खरें, तथापि इ. स. १९११ मध्यें तेथवर पोंचलेला मार्ग बार्शी लाइट रेल्वे या विलायती कंपनीचा, अवघ्या अडीच फूट रुंदीचा होता. प्रस्तुत लेखक देगलूरचा. आमच्या गांवास आजही रेल्वे नाहीं. म्हणून लहानपणीं वडील मंडळींबरोबर पंढरपुरास जावयाचें तें लातूर गांठून याच लहान गाडीनें. या ममत्वामुळें पुढील विवेचनांत कोठें पक्षपात झाला असल्यास वाचकांनीं तो वजा करून घ्यावा.

या मार्गाचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा प्रथम जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. जी. आय. पी. चा मुख्य मार्ग बार्शीस वगळून गेला होता आणि बार्शीची पेठ तर कापसाची व धान्याची. कंपनी १८९५ मध्यें स्थापन झाली व १८९७ मध्यें बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुमारें २१ मैल गाडी सुरू झाली. कॅलथ्रॉपचें सूत्र वरवर पाहतां साधें होतें : इंजिन असो, उतारूंचा डबा असो कीं मालाचा डबा असो, चाकांच्या कोणत्याही जोडीवर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. तसें झालें म्हणजे वारास ३० पौंडांचे हलके रूळ पुरतात, पूल हलके होतात आणि खर्च आटोक्यांत राहतो. आतां या सूत्रांत इंजिन कसें बसवावें? ओढण्याचें बळ हवें तर इंजिन जड हवें. जड केलें तर रूळ सोसणार नाहींत. यावर लीड्स येथील किटसन यांच्या कारखान्यानें बांधलेल्या पहिल्या पांच इंजिनांत तोड निघाली ती अशी. ओढणारीं चाकें आठ, म्हणजे जोड्या चार. त्यांवर वीस टन. उरलेला भार मागील चार चाकांच्या फिरत्या गाड्यावर. सर्व मिळून वजन तीस टनांच्या आंत. हिंदुस्थानांत पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथें मुद्दाम मार्ग घालून हीं वाहनें चालवून दाखविण्यांत आलीं.

येथें एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सामान्यतः विलायतेंतील नमुना हिंदुस्थानांत येई. या प्रकरणीं उलट झालें. इंग्लंडांतील लीक अँड मॅनिफोल्ड ही तितक्याच रुंदीची रेल्वे १९०४ मध्यें बार्शीच्या धर्तीवर कॅलथ्रॉपनेंच उभारली. इंजिनें दोन, तींही किटसनचीं, आणि त्यांपैकीं एकास त्याचेंच नांव. ती रेल्वे १९३४ मध्यें बंद पडली व तिच्या वाटेवरून आज लोक पायीं हिंडतात.

बार्शीची रेल्वे मात्र वाढतच गेली. पंढरपूर, लातूर आणि शेवटीं १९२७ मध्यें मिरज, असा एकंदर २०२ मैलांचा विस्तार झाला. इंजिनांचे नवनवे वर्ग आले. आषाढी-कार्तिकीस उतारूंचे डबे अपुरे पडत, तेव्हां मालाच्या डब्यांतून वारकरी बसत. त्या डब्यांतील दाटी, अभंगांच्या सुरांत मिसळणारी इंजिनाची धाप आणि पांढऱ्या धोतरांवर उडालेली कोळशाची कणी हीं लेखकानें स्वतः अनुभविलीं आहेत. १९५४ मध्यें सरकारनें ही रेल्वे ताब्यांत घेतली. पुढें वाफेचीं इंजिनें गेलीं, डिझेलचीं आलीं. आणि २००७-०८ मध्यें लातूर ते कुर्डुवाडी मार्ग रुंद झाल्यावर लहान रूळ उखडले गेले. रुंद मार्गाचा लाभ लातुरास झाला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. प्रश्न एवढाच कीं, पांच-सात मैलांचा तुकडा आणि चार इंजिनें राखतां आलीं नसतीं काय?

चार इंजिनें असें जाणून म्हणतों. जतन म्हणजे एक इंजिन रंगवून चौथऱ्यावर चढविणें, अशी आपल्याकडे समजूत आहे. वाफेचें इंजिन हें रोज चालणारें यंत्र नव्हे. त्याचा बाष्पकोश वरचेवर धुवावा लागतो, नळ्या बदलाव्या लागतात, आणि एक चालत असतां दुसरें कारखान्यांत उघडून पडलेलें असतें. हें माथेरानच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सर आदमजी पीरभाय यांच्या कुटुंबानें सोळा लाख रुपये खर्चून बांधलेली दोन फुटी नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ मध्यें सुरू झाली. तिचीं इंजिनें जर्मनींतील ओरेनस्टाइन अँड कोपेल यांचीं. त्यांच्या आराखड्यांतही कॅलथ्रॉपचा हात होता. वळणावर टोकाचीं चाकें आडवीं सरकावीं अशी त्यांच्या आंसांची योजना होती. संख्या चार. या चौघांनीं आळीपाळीनें सुमारें पाऊणशें वर्षें घाट चढला. वाफेचा कारभार आटोपल्यावर मात्र त्यांची पांगापांग झाली. एक तर थेट विलायतेस गेलें. पुढें पर्यटकांसाठीं वाफ पुन्हां हवी झाली, तेव्हां दार्जिलिंगहून एक इंजिन आणावें लागलें! घरचीं चार वाटून टाकलीं आणि एक उसनें आणलें. एकट्यानें तें किती चालणार?

याउलट दार्जिलिंगास पहा. १८८९ पासून बांधल्या गेलेल्या एकाच वर्गाच्या इंजिनांचा परिवार तेथें टिकला, तिनधारियाचा कारखाना टिकला, म्हणूनच वाफ टिकली. युनेस्कोनें तिला १९९९ मध्यें जागतिक वारशांत घेतलें. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्यें हौशी लोकांनीं चालवावयास घेतली, तेव्हां तिचें एकच जुनें इंजिन कसेंबसें चालतें होतें. त्यांनीं पहिलें शहाणपणाचें काम केलें तें हें कीं, बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचीं दोन इंजिनें त्याच वर्षीं विकत घेतलीं.

आतां लातुरास रूळ परत येणार नाहींत. परंतु इंजिनाच्या कोणत्या भागाची झीज किती दिवसांत होई, कोणता जिन्नस कुर्डुवाडीसच घडवीत, तीस पौंडी रुळांवर वारीची जड गाडी कशी संभाळीत, हें ज्यांच्या हातांस ठाऊक आहे अशीं माणसें कुर्डुवाडी, बार्शी व लातूर येथें आहेत. त्यांतलीं बहुतेक आतां वृद्ध आहेत. मंडळाच्या त्या भागांतील सभासदांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या तोंडची हकीकत, जुनीं वेळापत्रकें व छायाचित्रें मिळवावींत. लातूरकडील काम प्रस्तुत लेखक पत्करीत आहे.