आजोबा कोणत्या राज्यातले?



सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. 1938 मध्ये ते चीनला जखमी सैनिकांच्या सेवेसाठी गेले आणि 1941 मध्ये तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. त्या लग्नाचं आपण कौतुक करतो. पण भारतातही अशी घरं होती, तिथे नवरा चिनी आणि बायको इथली. त्यांचं काय झालं, ते आज सांगते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आसामात चहाचे मळे लावले, तेव्हा चिनी कामगार आणले होते. ते माकुम गावात राहिले, मळ्यातल्या आणि आसपासच्या मुलींशी त्यांची लग्नं झाली. नातवंडं आसामी बोलू लागली. कलकत्ता आणि मुंबईतही चिनी कुटुंबं होती. मुंबईत माझगावला त्यांचं देऊळ आजही आहे.

ऑक्टोबर 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं. सरकारने नवा वटहुकूम काढला. मूळची भारतीय नसलेली व्यक्ती, तिचे आईवडील किंवा आजीआजोबा यांतलं कुणीही कधी शत्रुदेशाचं नागरिक असेल, तर तिलाही परकी मानता येणार होतं. जन्म इथला, शाळा इथली, तरी उपयोग नाही. आसाम-बंगालातल्या सुमारे 3000 लोकांना उचलून राजस्थानातल्या देवली इथल्या छावणीत नेलं. त्यात म्हातारी माणसं होती, लेकरं होती. माकुममध्ये बायकांपुढे प्रश्न पडला: नवऱ्यामागे छावणीत जायचं की इथेच राहायचं? कुणी गेली, कुणी राहिली. 1963 मध्ये चिनी जहाजं मद्रासला आली आणि दोन हजारांहून जास्त लोक चीनला गेले. काही घरं कायमची दुभंगली. शेवटचे लोक 1967 मध्ये सुटले, तेव्हा अनेकांची घरं, दुकानं लिलावात गेली होती.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेने 1882 मध्ये चिनी मजुरांना बंदी केली, ती 1943 पर्यंत टिकली. तिथे राबणाऱ्या नवऱ्याची बायको जन्मभर चीनमध्येच वाट बघत बसायची. कॅनडाने 1923 ते 1947 दार जवळजवळ बंदच ठेवलं. पण कॅनडाच्या सरकारने 2006 मध्ये माफी मागितली. देवलीच्या लोकांना आपल्या सरकारकडून तशी माफी अजून मिळालेली नाही.

युद्धात देशाने सावध राहावं, हे कुणीही मान्य करील. पण हेर कोण ते शोधणं वेगळं आणि आजोबा कुठले एवढंच बघून लेकराला तुरुंगात घालणं वेगळं.

आपल्या हिंगोलीकडे बघा. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. मग भारतातलं हैदराबाद राज्य, 1956 ला मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. आपले आजोबा आपल्या वाड्यातून, शेतातून हललेही नाहीत, कागदावरचं राज्य मात्र बदलत गेलं. ‘तुझे आजोबा कुणाची प्रजा होते?’ एवढ्यावरून आपल्याला कुणी परकं ठरवलं असतं तर?

आज घरी आजीला, सासूबाईंना विचारा: तुम्ही जन्मलात तेव्हा राज्य कुणाचं होतं? आणि त्या काय सांगतात ते लेकरांनाही ऐकू द्या.