सौर कृषिपंप (मानोरा तालुका)

सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या विजेवर विहीर, बोअरवेल, शेततळे किंवा नाल्यातून पाणी उपसणारा पंप. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. शेतातले डिझेल इंजिन याच आयातीवर चालते. त्यामुळे सौर कृषिपंप हा सिंचनाइतकाच ऊर्जासुरक्षेचाही विषय आहे.

पार्श्वभूमी : मानोरा हा वाशीम जिल्ह्यातील तालुका; १९९८ पूर्वी तो अकोला जिल्ह्यात होता. येथील सोयाबीन, तूर व कपाशी बहुतांशी पावसाच्या भरवशावर असतात; रब्बीच्या गहू-हरभऱ्याला मात्र ओलित लागते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची इंजिने महाराष्ट्रातल्या विहिरींवर आली आणि मोट मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटाने डिझेलवरच्या ओलिताचा धोका दाखवून दिला. पुढे वीज आली, पण शेतीला ती अनेकदा रात्रपाळीत मिळे. बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाची भीती घेऊन पाणी द्यावे लागे.

रचना : सौर पाट्या, नियंत्रक व पंप हे तीन मुख्य भाग. ऊन चढू लागले की पाइपातून आधी बारीक धार येते, दुपारी दंड भरून वाहतो, ढग आला की धार पुन्हा मंदावते. पाट्यांवर धूळ साचली की वीज घटते. म्हणून त्या वरचेवर पुसाव्या लागतात.

योजना : केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये, तर राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली. महावितरणमार्फत राबवल्या जाणाऱ्या या राज्य योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के असतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मार्ग वेगळा आहे : सौर प्रकल्पातून संपूर्ण कृषिवाहिनीला दिवसा वीज देणे. तिच्या दुसऱ्या टप्प्यातील एकूण १९ मेगावॅटचे पाच सौर प्रकल्प ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रार्पण केले. हा कार्यक्रम मानोरा तालुक्यात, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवीत झाला.

मर्यादा : महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशापासून बनते. म्हणून वीजपंपाच्या जागी सौर पंप आला, तर मुख्यतः कोळसा वाचतो. तेल वाचते ते डिझेल इंजिन बंद होते तिथेच. ट्रॅक्टर व मळणीयंत्र अजून डिझेलवरच चालतात. शिवाय उपसा फुकट झाला की भूजलावर ताण येतो. सौर पंपाला ठिबक किंवा तुषार सिंचनाची जोड हवी.

मूल्यमापन : सौर पंपाने शेतकऱ्याची रात्रपाळी संपते, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ. परदेशी तेलावरचे अवलंबित्वही कमी व्हायचे असेल, तर डिझेल इंजिनावर ओलित करणाऱ्या शेतकऱ्याचे नाव लाभार्थ्यांच्या यादीत सर्वांत आधी यायला हवे.