गुरुत्वाकर्षण हा चमत्कार आहे का? लायब्निझ आणि क्लार्क यांचा वाद

गुरुत्वाकर्षणाचे सूत्र तुम्ही शाळेपासून वापरत आला आहात. मी ते फळ्यावर लिहिले की वर्ग लगेच किमती घालून उदाहरण सोडवू लागतो. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये दोर नाही, दांडा नाही. मग ओढ पोहोचते कशी, असे क्वचितच कोणी विचारते. लायब्निझने विचारले होते. माध्यमाशिवाय अशी ओढ असेल तर तो अखंड चालणारा चमत्कारच, असे त्याचे म्हणणे होते.

वाद १७१५-१६ मधला. ग्रहांच्या परस्पर ओढीमुळे कक्षांत बिघाड साचत जाईल आणि कधीतरी ही व्यवस्था पुन्हा नीट लावावी लागेल, असे न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये सुचवले होते. वेल्सची युवराज्ञी कॅरोलाइन हिला लिहिलेल्या पत्रात लायब्निझने याची थट्टा केली : हा ईश्वर म्हणजे स्वतःच्या घड्याळाला सारखी किल्ली देणारा, दुरुस्ती करत बसणारा कारागीर झाला! न्यूटनच्या बाजूने उत्तर दिले सॅम्युएल क्लार्क या धर्मोपदेशकाने. दोघांची पाच-पाच पत्रे झाली. नोव्हेंबर १७१६ मध्ये लायब्निझ वारला, म्हणून वाद थांबला.

लक्षात घ्या, दोघेही आस्तिक होते. क्लार्कच्या मते ईश्वराच्या दृष्टीने निसर्ग आणि चमत्कार असा भेदच नाही. नेहमी घडते त्याला आपण निसर्ग म्हणतो, क्वचित घडते त्याला चमत्कार. लायब्निझला हे मान्य नव्हते. वस्तूंच्या अंगच्या शक्तींनी ज्याचा उलगडा होत नाही तो चमत्कार, मग तो रोज का घडेना. मला लायब्निझची व्याख्या अधिक काटेकोर वाटते. पण भौतिकशास्त्र न्यूटनच्या वाटेने गेले : कारण ठाऊक नसले तरी नियम मोजता येतो.

आणि तो बिघाड? जुन्या-नव्या निरीक्षणांची तुलना करता गुरूचा वेग वाढताना आणि शनीचा घटताना दिसत होता. १७८५ मध्ये लाप्लासने त्याचे कोडे सोडवले. गुरूच्या पाच फेऱ्यांना सुमारे ५९ वर्षे लागतात, शनीच्या दोन फेऱ्यांनाही जवळजवळ तितकीच. त्यामुळे परस्परांचे हिसके दीर्घकाळ एकाच दिशेने साचतात आणि मग उलटतात. हे आवर्तन सुमारे ९०० वर्षांचे आहे. दुरुस्तीची गरज नव्हती. हे दाखवताना लाप्लासने सूत्र वापरले न्यूटनचे, आणि कलनाची चिन्हे लायब्निझची.