बळीराजा स्मृती धरण

महाराष्ट्र राज्याच्या सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर, खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदूळवाडी या गावांनी उभारलेले लहान धरण. बांधकाम १९८६–९०. पाण्यावरील हक्क जमिनीपासून वेगळा करून तो कुटुंबास देण्याच्या प्रयत्नामुळे महाराष्ट्राच्या सिंचनेतिहासात त्यास महत्त्व आहे.

येरळा नदी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात उगम पावून ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळते. तिचे खोरे पर्जन्यछायेत असल्याने तेथील शेती अनिश्चित पावसावर अवलंबून असे. याउलट कृष्णाकाठी कराडजवळील खोडशी बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाहत आला. पुढे तेथे सहकारी उपसा योजना व साखर कारखाने वाढले. वाळवा-मिरजकडील जमिनी अतिसिंचनाने क्षारपड होत असता, त्याच जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीची माणसे पाण्यावाचून मुंबईच्या कापड गिरण्यांत किंवा सोने-चांदीच्या गलाईनिमित्त दूरच्या प्रांतांत जात.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपामुळे अनेक कामगार गावी परतले, तेव्हा तालुका अवर्षणाने ग्रासलेला होता. रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्या या मजुरांनी, दुष्काळ हटेल अशीच कामे काढावीत, अशी मागणी केली. या लढ्यातून ‘मुक्ती संघर्ष’ ही संघटना उदयास आली. भारत पाटणकर हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकी होत. चर्चेत एक गोष्ट पुढे आली : नदीपात्रातील वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि काठच्या विहिरींचे पाणी खाली जात होते. वाळू पाणी धरून ठेवते, हे शेतकऱ्यास ठाऊक होतेच. तेव्हा ठेकेदारी उपसा थांबवावा व गावाने मर्यादित वाळू विकून त्या पैशांतून धरण बांधावे, असा विचार ठरला. अभियंता के. आर. दाते यांनी आराखड्यास साहाय्य केले. १९८६ मध्ये ग्रामस्थ व विद्यार्थी यांच्या श्रमदानाने काम सुरू झाले. शासकीय मान्यतेसाठी दीर्घ झगडा द्यावा लागला. हितचिंतकांनीही पैसा पुरविला. १९९० मध्ये धरण पूर्ण झाले.

वाटपाचे नियम बांधकामाइतकेच विचारपूर्वक केलेले होते. प्रत्येक कुटुंबास समान हिस्सा, भूमिहीनांसही वाटा आणि या पाण्यावर ऊस न घेणे, ही त्यांतील मुख्य सूत्रे होत. भूमिहीनाने आपल्या पाण्याच्या बळावर दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी, अशी कल्पना होती. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे सुरू केलेल्या पाणी पंचायतीतही भूमिहीनांचा हक्क व उसास मनाई ही तत्त्वे आढळतात.

लहान धरणाची खरी कसोटी त्याच्या देखभालीत असते. पुराबरोबर येणारा गाळ काढणे, पाट साफ ठेवणे, गळती वेळीच बुजविणे, ही कामे दरसाल करावी लागतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताच बर्गे बसविण्यास उशीर झाला, तर वर्षभराचे पाणी वाहून जाते. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम इ. नद्यांवरील फड पद्धतीत पाट साफ करणे हे लाभधारकांचे कर्तव्य असे आणि पाटकऱ्याचा मोबदलाही तेच देत. त्यामुळे ते बंधारे शतकानुशतके टिकले. शासकीय कालव्यांवर मात्र पाणीपट्टी थकते म्हणून दुरुस्ती होत नाही व दुरुस्ती होत नाही म्हणून पाणीपट्टी थकते, असे चक्र दिसून येते. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या सांगली जिल्ह्यातील मोठ्या उपसा योजनांत त्यात विजेच्या देयकाची भर पडली.

बळीराजा धरणातील समान वाटपाचे सूत्र पुढे नागनाथ नायकवडी (१९२२–२०१२) यांच्या नेतृत्वाखालील आटपाडीच्या पाणी परिषदेने उचलले. अवर्षणग्रस्त तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे, ही तिची मागणी होती. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची व वितरिकांची देखभाल त्यांच्याकडे सोपविण्याची तरतूद झाली. तथापि या संस्थांची रचना लाभक्षेत्रातील जमीनधारकांवर आधारलेली असल्याने भूमिहीनांच्या हिश्श्याचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरच राहिला.